शेवटच्या दोन शिळांमध्ये

ही गोष्ट ऐकीव नाही. त्या पहाटे मी स्वतः त्या माळावर होतो.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस उजाडायचा होता.

माळावर उभ्या शिळांच्या दोन रांगा आहेत. कुणी, कधी उभारल्या, कुणालाच माहीत नाही. माझी ताई आणि दाजी दोघंही जमिनीची मोजणी करायचे. दाजींच्या डोक्यात एकच खूळ होतं. या दिवशी सूर्य बरोब्बर शेवटच्या दोन शिळांच्या मधून उगवतो, हे मोजून दाखवायचं.

मी चिडवायचो, "दाजी, दगड सरळ उभे आहेत हे आंधळ्यालाही कळतं."

ते हसायचे. दरवर्षी नेमकं आभाळ भरून यायचं.

यंदा आभाळ मोकळं होतं.

पण दाजी नव्हते. थंडीतच हार्ट अटॅकने गेले.

ताई म्हणाली, "तू नुसता शेवटच्या शिळांपाशी पट्टी धरून उभा राहा. बाकी मी बघते."

तिने तिपाईवर मोजणीची दुर्बीण लावली. मी गाडीतून उंच मोजपट्टी काढत होतो. ती खोळीत अडकली होती.

तेवढ्यात ताईचा आवाज आला...

"थोडी डावीकडे. अजून... हं, बस."

मी थबकलो.

"ताई, मी इथे आहे. पट्टी माझ्या हातात आहे."

तिने दुर्बिणीवरून डोळा हटवला नाही.

"मग तिकडे कोण धरून उभंय?"

मी पाहिलं. शिळा होत्या. धुकं होतं.

माणूस नव्हता.

"हे आहेत रे," ताई हळूच म्हणाली. "तोच राखाडी स्वेटर."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती हलली नाही.

आकाश तांबडं व्हायला लागलं.

दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचं तर काळी काच लावावी लागते. नाहीतर डोळा जळतो. हे तिनेच मला शिकवलं होतं.

"ताई, काच लाव."

"काच लावली तर हे दिसणार नाहीत."

"ताई..."

सूर्याची कड वर आली. बरोब्बर दोन शिळांच्या मधून.

मी तिला मागे ओढलं. उशीर झाला होता.

ती गवतात बसून राहिली, एका डोळ्यावर हात दाबून.

"ते हात हलवत होते रे. बघू नकोस, बघू नकोस म्हणत होते."

मी पळत त्या टोकाला गेलो. गवतावरचं दव तसंच होतं. दोन शिळांच्या मधे कोळ्याचं जाळं होतं.

अख्खं... कुठेही न तुटलेलं.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात मधोमध काळा डाग राहील. कायमचा.

ताई म्हणते, तो डाग नाही.

आता ती माझ्याकडेच राहते. संध्याकाळी चांगला डोळा मिटून बसते. चेहरा इतका शांत असतो, की हाक मारायचं धाडस होत नाही.

गेल्या आठवड्यात ती आपणहून बोलली.

"यांनी पट्टी खाली ठेवली. निघालेत."

"कुठे?"

"इकडेच."

 

तेव्हापासून रोज झोपायच्या आधी ती उठते आणि दाराची कडी काढून ठेवते.

पहिले दोन दिवस मी ती गुपचूप परत लावली.

आता लावत नाही.