रुसायची सोय

दारावर टकटक झाली तेव्हा तिचे केस ओले होते, मांडीवर कुणाचा तरी शर्ट होता आणि ओठांत तीन टाचण्या धरलेल्या होत्या. अशा अवतारात माणसाने फार तर घरच्यांना दिसावं. पण दार ढकलून आत आला तो हातात फाइल घेतलेला एक उंच, अनोळखी आणि तिच्यापेक्षाही जास्त गांगरलेला तरुण.

"दिव्यांग साहाय्य कार्यालयातून आलोय," तो म्हणाला. "वार्षिक तपासणी... आधी कळवायचं नसतं, म्हणून—"

तिने टाचण्या काढल्या. "माहीत आहे. मागचे साहेब नेमके जेवायच्या वेळी टपकायचे. तुम्ही त्या मानाने बरे."

तपासणी कसली, ते तिला पाठ होतं. अपघातानंतर दोन्ही पाय नावालाच उरलेल्या तिला सरकारकडून दरमहा भत्ता मिळायचा. त्यातून या खोलीचं भाडं निघायचं आणि मावशींचा पगार. मावशी सकाळी येऊन तिला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवायच्या आणि रात्री नऊला परत पलंगावर. बाकी पोटापुरतं ती शर्टांना हाताने काजं करून कमवायची. गल्लीत तिला सगळे काजवालीच म्हणत. भत्त्याला अट एकच होती. ती एकटी राहायला हवी. घरात कमावतं माणूस राहायला आलं, किंवा नियमाने येऊन हातभार लावू लागलं, की भत्ता बंद. म्हणून वर्षातून एकदा कुणीतरी येऊन तिचा एकटेपणा मोजून जाई.

"टूथब्रश एक," तो लिहू लागला. "पलंग एक. टॉवेल... दोन?"

"एक केसांचा आहे."

"तसं लिहू?"

"लिहा की. केस माझेच आहेत, हवं तर तपासून घ्या."

साहेब कानापर्यंत लाल झाले. घाईघाईने फाइल मिटली, दाराला खांदा आपटला, दाराचीच माफी मागितली आणि गेले. ती बराच वेळ एकटीच हसत होती. मग हसू ओसरलं आणि खोली नेहमीपेक्षा जरा जास्तच शांत वाटली.

ती एकटी होती, आणि तिला त्याचा त्रास व्हायचा, यात लपवण्यासारखं काही नाही. दिवस सुईदोऱ्यात निघून जायचा. पण सहाला दुकानातला माणूस शर्ट घेऊन गेला की नऊला मावशी येईपर्यंतचे तीन तास तिला खायला उठायचे. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकायच्या, कुणी कुणाला हाका मारायचं. ती ऐकत बसायची.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, साहेब परत हजर. तिची सही घ्यायचीच राहिली होती! त्यानंतरच्या बुधवारी तो आला तेव्हा हातात फाइल नव्हती, पिशवीत शर्ट होता.

"वरचं काज फाटलंय. म्हटलं, ओळखीत काम होईल."

तिने काज उजेडाकडे धरलं, बोट फिरवलं. दहा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला कुणी फसवायला जाऊ नये. "हे फाटलेलं नाही. कापलंय."

त्याने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"कशाने?"

"दाढीच्या पात्याने," तो पुटपुटला.

"चांगल्या शर्टाची कीव नाही आली?"

"आली... पण बुधवार उजाडला होता ना. दुसरं निमित्त सुचेना."

तिने मान खाली घातली, कारण चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं. सुईत दोरा काही केल्या जाईना. त्याने सुई मागितली, तिने दिली. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही ती काढून घ्यायला अंमळ उशीरच केला.

मग दर बुधवारी सहाला तो बेकरीमागच्या आपल्या खोलीवरून येऊ लागला. चहा करायचा, आणि भयंकर करायचा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती अशा गंभीर आवाजात वाचून दाखवायचा की तिचा टाका चुकायचा. आठवड्यातले सहा दिवस आता तिला नुसते बुधवारची वाट असल्यासारखे वाटायचे.

पाच महिन्यांनी एका बुधवारी तो आला तो उतरल्या चेहऱ्याने. चहाही ठेवला नाही.

"यंदापासून सहामाही फेरतपासणीही लागलीय," तो म्हणाला. "त्यात विचारलंय, घरी नियमाने कुणी येतं का. खोटं लिहिणं मला जमायचं नाही. आणि खरं लिहिलं तर..."

"तर भत्ता गेला."

"जाऊ दे ना!" तो एकदम तिच्या खुर्चीपाशी खाली बसला. "मला पगार आहे. आपण लग्न करू. मावशी कशाला हव्यात? सकाळ-संध्याकाळ मी उचलेन तुला. आयुष्यभर उचलेन."

तो पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला होता. तिला क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं, पुढचं पुढे.

"इथे येण्याआधी सहा वर्षं मी दादाकडे होते," ती सावकाश म्हणाली. "दादाच उचलायचा. सोन्यासारखा माणूस, कधी एका शब्दाने बोलला नाही. पण सहा वर्षांत मी एकदाही त्याच्यावर चिडले नाही. वहिनीशी वाद घातला नाही. भाजी खारट झाली तरी छान म्हटलं. का? तर रात्री पलंगावर त्यानेच ठेवायचं होतं. मावशींवर मी ओरडते, त्या माझ्यावर ओरडतात, महिनाअखेर पगार घेतात, हिशेब मिटला. तुम्ही उचलायला लागलात तर मला तुमच्यावर कधी रागावता येणार नाही... आणि ज्याच्यावर रागावता येत नाही त्याच्यावर प्रेम कसं करायचं, मला नाही माहीत."

"म्हणजे प्रेम आहे?"

"तेवढंच ऐकू आलं तुम्हाला!"

पण तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचेही. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग उठला. "तुझी फाइल मी सहकारी बाईंकडे देतो. त्या येतील तेव्हा तुला खरं सांगता यायला हवं. म्हणून... मी येत नाही."

आणि तो खरोखरच आला नाही. पहिल्या बुधवारी ती सहा वाजता दाराकडे बघत बसली. दुसऱ्या बुधवारी मुद्दाम दाराकडे पाठ करून बसली. तिसऱ्या बुधवारी तिने भरभर चौदा काजं केली आणि ती सगळी उसवावी लागली. पूर्वीचा एकटेपणा निदान सवयीचा होता. आता त्याला चेहरा होता, आवाज होता, भयंकर चहा होता.

चौथ्या आठवड्यात सहकारी बाई आल्या. धापा टाकत, पदर सावरत त्यांनी सगळं मोजलं.

"घरी कोणी येतं?"

"कोणी येत नाही," ती म्हणाली. अगदी खरं उत्तर होतं, आणि ते देताना तिला रडू फुटलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, फॉर्म पुढे केला आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

इतकी वर्षं तिने तो फॉर्म न वाचताच सही केली होती. आज डोळे पुसायला वेळ हवा होता, म्हणून वाचला. घरी कोण येतं, कोण राहतं, कोण जेवतं, कुणाचे कपडे वाळत असतात... चार पानं नुसती हीच चौकशी. आणि ती कुठे जाते? तिने पानं पुन्हा उलटली. तो प्रश्नच नव्हता! ही बाई कधी स्वतःहून कुठे जाईल, हे फॉर्म छापणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं, तिच्या तरी डोक्यात कुठे आलं होतं?

"मावशी," त्या रात्री तिने विचारलं, "बुधवारी सहाला याल? जास्तीचे पैसे देईन. बेकरीमागे जायचंय."

"बेकरीत की बेकरीमागे?" मावशींनी डोळे बारीक करून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "केस मोकळे सोडा. बरे दिसतात."

बेकरीमागच्या खोलीचं दार त्याने उघडलं तेव्हा तो बनियनवर होता आणि गालाला साबण होता. मावशींनीच खुर्ची एका पायरीवरून वर घेतली. तो पुढे झाला, तर त्यांनी हाताने अडवलं.

"आठला न्यायला येईन," मावशी म्हणाल्या आणि गेल्या.

"मी भेटायला आलेय," ती म्हणाली. "दर बुधवारी येईन म्हणते. आठला मात्र घरी जाणार. तिथे मी एकटीच राहणार आणि विचारलं तर तसंच सांगणार... लग्नाचं म्हणाल तर नियम बदलेपर्यंत नाही, कदाचित कधीच नाही. पण माझं तुमच्यावर प्रेम आहे, खूप आहे. बघा चालतंय का."

त्याने साबणासकट तिच्या हातावर गाल टेकवला. चालत होतं.

पण पाचव्या बुधवारी भांडण जुंपलं. त्याने तिला न विचारता दादाला फोन केला होता, 'बहिणीला लग्नाचं समजवा' म्हणून. तिचा पारा चढला.

"तुला कुणी सांगितलं होतं रे!" ती कडाडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरे केलं होतं. "माझ्या घरचं मला विचारल्याशिवाय... बोलू नकोस माझ्याशी!"

तिने मावशींना फोन करून साडेसातलाच बोलावलं. तो पायरीपर्यंत मागे मागे आला, चूक झाली म्हणाला. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मावशींनी खुर्ची कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. मग हळूच वाकून बघतात तर काय, तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू.

"भांडलात ना हो? मग हसताय काय?"

"रुसून निघून आले मी, मावशी," ती म्हणाली. "कुणाच्या घरून अशी तरातरा निघून आले. आयुष्यात पहिल्यांदा."

"बरं. मग पुढच्या बुधवारी नाही ना यायचं?"

"साडेपाचलाच या," ती म्हणाली. "अजून पुष्कळ भांडायचंय मला त्याच्याशी."