तीन नंबरची पोच

कोथरूडात दोन मिनिटं रेंज गेली की माणसं पाणी गेल्यासारखी गॅलरीत येऊन उभी राहतात. त्यांना सांगून पटायचं नाही, पण खडकवासल्याच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या पोटात एक वस्ती आहे, तिथं रेंज कधी आलीच नाही. तिथले निरोप दुधाच्या टेम्पोतून यायचे.

खोटं नाही सांगत. ही सोय दीक्षाच्या ऑफिसनं केली होती. एक डबा वस्तीवर, राधाकाकूंच्या ओसरीत. दुसरा कोथरूडला ऑफिसच्या गच्चीवर. आणि तीन नंबरचा काकूंच्या यजमानांच्या, कचरूकाकांच्या टेम्पोत. डब्याजवळ डबा आला की निरोप आपोआप इकडून तिकडं जायचे. मधल्या रस्त्यात रेंज नसली तरी बिघडत नसे. डबा निरोप पोटात धरून बसायचा, भेट झाली की द्यायचा. आणि ज्याच्या नावाचा निरोप त्यानं मोबाइलवर वाचला, की धाडणाऱ्याला उलट पोच यायची.

पावसाळ्याच्या शेवटी कचरूकाकांचा टेम्पो परतीच्या वाटेवर धरणाच्या पाण्यात गेला. काकांचा देह सापडला, टेम्पोही काढला. डबा मात्र गाळात कुठं गेला, कोण जाणे.

त्या सकाळी पातळ आमटीवरून नवराबायकोत वाजलं होतं. "मंग जेवायला येऊच नगा," असं काकू बोलून गेल्या. टेम्पो गेल्यावर जिवाला चुटपुट लागली, म्हणून त्यांनी ओसरीतल्या डब्यात निरोप घातला : 'रागात बोलले. या जेवायला.' टेम्पो वस्तीजवळ आला की तो काकांना मिळणार होता. टेम्पो आलाच नाही.

दिवाळीनंतर दीक्षा नव्या टेम्पोसाठी नवा डबा घेऊन वस्तीवर गेली. टेम्पो अजून सुरू व्हायचा होता, म्हणून डबा पिशवीतच राहिला. भरदुपार होती, तरी ओसरीत गारवा होता.

"बाई, एवढं बघ," काकू म्हणाल्या. "माझा निरोप अजून हितंच हाय ना? पुसू नगंस त्यो."

दीक्षानं लॅपटॉप जोडला. निरोप नव्हता. त्याच्या जागी एकच ओळ होती : तीन नंबरला दिला, काल संध्याकाळी.

दुसरी कोणी असती तर तिथंच बोबडी वळली असती. पण दीक्षाचा स्वभाव असा, की भीतीच्या आधी तिला प्रश्न पडतात. तिनं वायर काढून परत जोडली. ओळ तीच.

"काकू... काल संध्याकाळी इथं कोणी आलं होतं?"

"कोन येतंय? कुत्री तेवढी उठून आत आली, चुलीमागं. आन् वास आला... नासल्या दुधाचा." काकू थांबल्या. "का गं? पोचला का त्यास्नी?"

"दिला म्हणजे पोचला असं नाही, काकू. पोच यायला हवी."

"माझं 'येऊ नगा' तेवढं घेऊन गेलं बघ ते माणूस. ह्यो निरोप पोचला एवढं कळलं तरी पुरं."

गाळातल्या डब्याची बॅटरी कधीच मेली असणार, हे दीक्षाच्या ओठांवर आलं होतं. पण काकूंच्या तोंडाकडं बघून तिला भडभडून आलं. "पोच आली की लगेच कळवते," ती म्हणाली.

परतताना ती त्या वळणावर मुद्दाम थांबली. खाली पाणी काठाला चपचप करत होतं. तिनं लॅपटॉप उघडून तीन नंबर शोधला. कुठंच नव्हता. तिथं आलेला नासल्या दुधाचा वास मात्र ऑफिसखाली गाडी लावली तरी नाकातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन तणतणत खाली आला. "मॅडम, गच्चीवर दूध कुणी सांडलंय? पुसायला मीच, नाही का!"

शेजारच्या टेबलावरचा प्रज्ञेश स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "वस्तीवरचे निरोप आलेत की. नवा टेम्पो सुरू झाला वाटतं? कळवायची पद्धत असते, दीक्षा मॅडम."

"नवा डबा माझ्या पिशवीत आहे, प्रज्ञेश."

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हसायचा थांबला.

निरोप खरेच होते. कुणाला बियाणं हवं होतं, कुणाच्या पोरीचा निकाल लागला होता. सगळे तीन नंबरनं आणलेले. सगळ्यात खाली पोच होती : राधा यांचा निरोप वाचला. आणि त्याखाली दीक्षाच्या नावानं एक निरोप : 'नवा डबा बसवू नगंस. माझी फेरी चालू हाय.'

दीक्षाला आधी आनंदच झाला, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतका. काकूंना आत्ताच्या आत्ता कळवायला हवं! तिनं झटकन टाइप केलं : 'काकू, पोचला.' आणि बोट बटणावर ठेवलं.

वस्तीवर फोन लागत नाही. निरोप जायला वाट एकच.

गच्चीच्या जिन्यात दुधाच्या रिकाम्या कॅनवर कॅन आपटल्याचा आवाज झाला. स्क्रीनवर अक्षरं उमटली : तीन नंबर जवळ आहे. त्याच्याकडे देऊ का?