पेटीतल्या भाचीचा फोटो

फोटो हातात पडला आणि बाळंतिणीने हंबरडाच फोडला.

"माझ्या लेकीच्या अंगावर पुरळ उठलंय... आणि मला कुणी काही सांगत नाही!"

नर्सला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ही बाळंतीण तिसऱ्या मजल्यावर तापाने फणफणलेली. दिवस भरण्याआधीच आलेली तिची लेक पहिल्या मजल्यावर काचेच्या पेटीत. तीन दिवस मायलेकींची भेट नव्हती. म्हणून नर्सने आपण होऊन वॉर्डातल्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढून आणला होता. करायला गेली एक आणि झालं भलतंच!

खाटेशेजारी बसलेल्या तरुणाने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला.

"ताई, पुरळ नाही गं. हे दाणे कॅमेऱ्याचे आहेत." मग तो नर्सकडे वळला. "खाली उजेड कमी असतो का, सिस्टर?"

"बाळांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. फ्लॅशही चालत नाही. तुम्ही बाळाचे...?"

"मामा."

"मग मामा, तुम्हीच समजवा यांना."

समजावून काय होणार? आईचं मन ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतःचा कॅमेरा घेऊन पहिल्या मजल्यावर हजर. तो नाटकांचे फोटो काढायचा. काळोखात, फ्लॅशशिवाय, हा त्याचा रोजचाच धंदा.

"तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, करंगळीच्या नखाएवढी," तो म्हणाला. "माझ्या कॅमेऱ्यातली टपालाच्या तिकिटाएवढी. लहान चकतीला अंधारात उजेड पुरत नाही. मग कॅमेरा आहे तेवढाच ओढूनताणून वाढवतो... त्यात हे दाणे पडतात."

"म्हणजे माझा हात वाईट नाही?"

"हात—" त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, आणि पटकन कॅमेऱ्याकडे. "हाताला कोण नाव ठेवतंय!"

आत फक्त नर्सनेच जायचं, असा नियम. तिने कॅमेरा पुसून घेतला, आवाज बंद केला आणि उचलला, केवढा जड! मोठी चकती, मोठं भिंग, मोठं ओझं. काचेबाहेरून तो खुणांनी शिकवत होता. पहिल्या फोटोत नाकातली नळी लख्ख आणि डोळे धूसर. दुसऱ्यात कान स्पष्ट, नाक गायब. मोठ्या चकतीचं हेच, जवळून एक धरावं तर दुसरं सुटतं. त्याने बोट स्वतःच्या पापणीवर ठेवलं. तिथे धरा. ती त्याच्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग तिलाच हसू आलं, कॅमेरा हलला, आणि तोही काचेपलीकडे हसला.

सातवा फोटो जमला. आता मूठ हवी होती. पण इतक्या जवळून त्याचं भिंग धरेचना.

"तुमचा छोटा आणा," तो दारातून म्हणाला. "एवढ्या जवळचं त्यालाच जमेल. फक्त खिडकीचा पडदा बोटभर सारा. बाळाच्या तोंडावर उजेड नको, मुठीवर पुरे."

त्या बोटभर उजेडात भाचीने नर्सची करंगळी धरली, आणि हे मात्र छोट्या कॅमेऱ्याने झक्क टिपलं.

वरच्या मजल्यावर दोन्ही फोटो पाहून बाळंतीण पुन्हा रडली. पण हे रडणं वेगळं होतं. "हिला पापण्या आहेत!" ती म्हणाली. "बघा ना... पापण्या आहेत!"

त्यानंतर रोज एक फोटो. बाळंतिणीचा ताप उतरला, ती स्वतः खाली येऊन लेकीशी बसू लागली. तरी मामाचं येणं काही थांबलं नाही.

"एक सांगू, सिस्टर?"

"आधी ते सिस्टर म्हणणं सोडा."

"सोडतो. तुम्ही मामा सोडा. मला भाची एकच पुरे आहे."

"आणि मला... भाऊ दोन आहेत, तेवढे पुरेत," ती म्हणाली, आणि तापमानाच्या कागदात उगीचच डोकं खुपसलं.

चाळिसाव्या दिवशी भाची घरी गेली. गडबडीत, बिलाच्या कागदांत, नातेवाइकांच्या गराड्यात त्याला बोलायला मिळालंच नाही. नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या पेटीत दुसरं बाळ आलं. नर्सने त्याचंही सगळं मायेने केलं. तरी काचेपलीकडे कुणाची सावली हलली की तिची मान आपोआप वर व्हायची. मग स्वतःवरच चिडायची. वेडी कुठली! असे किती मामा येतात नि जातात...

चौथ्या दिवशी तीन वाजता पाळी संपवून ती फाटकाशी आली, तर वॉचमनने कुणाला तरी अडवलेलं.

"पेशंट कोण तुमचा?"

"पेशंट नाही. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंना भेटायचंय."

"नातं काय?"

आज त्याच्या गळ्यात कॅमेरा नव्हता, आणि हातांचं काय करावं ते त्याला उमगत नव्हतं. तेवढ्यात ती दिसली.

"तेच..." तो तिच्याकडे बघत म्हणाला, "तेच विचारायला आलोय."

वॉचमनने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने फाटक उघडलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"आई चहा टाकून वाट बघत असते," ती म्हणाली. "घर इथून चालत वीस मिनिटांवर आहे."

"मग?"

"मग काय... तेवढ्यात विचारून होईल ना?"

त्याने मान हलवली. आणि दोघं चालू लागली. अगदी सावकाश, वीसची चाळीस मिनिटं व्हावीत अशा बेताने.