येजो म्हटलं होतं मी

ज्याले हे खोटं वाटीन, त्यानं आत्ताच उठून आपलं काम पाहावं. मले कोणाले पटवून द्याचं नाई.

हे माह्यासंगं झालं. ऐकलेलं नाई, कोणी सांगितलेलं नाई. माह्यासंगं. भाची म्हणते, मावशी, तू सांग, मी लिहिते, लोकं असलं वाचतात. म्हटलं लिही, पण जसंच्या तसं. गोडगोड करू नको. मले अजून राग येते, तो राग बी लिही.

१९७९ साल. मार्गशीर्षाचा महिना. वर्ध्याच्या कडेला नालवाडी, तिथलं आमचं घर.

रात्र-बित्र नव्हती बरं. दिवेलागणीची वेळ होती. शेजारीपाजारी भाकरी थापून राह्यले होते, तव्याचा वास येत होता.

मी लीलाबाई. चंद्रभानची दुसरी बायको. त्या काळी बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. मी बी घेत नव्हती. आता घेऊन राह्यली, कारण त्या शुक्रवारनंतर माह्या मनातलं ते सारं सरलं.

पहिली धुरपता. बाळंतपणात गेली, लेकरूबी गेलं. मंग दोन वर्षांनी मी आली. देवघरात तिचा टाक होता. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. आमच्यात रीत हाय, घरात नवं काही आलं का आधी तिच्यापुढं ठेवाचं. नवं लुगडं आधी तिले, मंग मले. सणाचा पहिला घास तिले. मी कधी कुरकुर नाई केली. मेलेल्या बाईचा का हेवा कराचा?

मले राग जिवंत माणसाचा येत होता.

चंद्रभान कचेरीत कारकून. घरची वांगी-टमाट्याची वाडी सासू अन मी पाहत होतो. लग्नाले चार वर्षं झालती, अन माह्यं सारं जग म्हणजे रोहण्याचं माहेर, नालवाडी, अन वर्ध्याचा भाजीबाजार. रेल्वेत मी एकडावबी बसली नव्हती.

अन एक दिवस हा माणूस म्हणते, "लीले, हैद्राबादले जाऊ. शुक्रवारी संध्याकाळची गाडी. शनिवार-रविवार फिराचं. सोमवारी सकाळी घरी."

खोटं काऊन बोलू? मी हरखली. वाडीत वांगे तोडता तोडता एकटीच हसत होती मी.

बुधवारी दिवेलागणीले बेत कराले बसलो. शेजारचे पुंडलिकराव आलते. ते दोनदा हैद्राबादले जाऊन आलते, म्हणून त्यायले लय शहाणपण फुटलं होतं. सासू, अनुसयाबाई, कोपऱ्यात वाती वळत बसली होती. मी चहा दिला अन दाराशी बसली.

"शनिवारी चारमिनार," चंद्रभान म्हणे. "तिथंच लाखेच्या बांगड्या भराच्या."

"मले त्या टोचतात," मी म्हटलं.

"रविवारी गोवळकोंडा. सारा दिवस तिथंच."

"मले ते घड्याळ पाह्याचं हाय. अजबघरातलं. पुंडलिकरावच सांगत होते ना, तासातासाले त्यातून बाहुला निघते अन घंटी वाजवते."

"घड्याळात का पाह्याचं? आपल्या घरी नाई का घड्याळ?"

पुंडलिकराव खो-खो हसले.

मंग सासू वात वळता वळता म्हणाली, "धुरपताबी असंच म्हणे. चारमिनार, बांगड्या, गोवळकोंडा. दर दिवाळीले म्हणे बिचारी. अन हा म्हणे, पुढच्या साली."

चंद्रभाननं मान खाली घातली.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. हा सारा बेत तिचा होता! मेलेल्या बायकोले दिलेला शब्द हा माणूस जिवंत बायकोले नेऊन पुरा करत होता. ती जिवंत होती तवा हलला नाई. आता पापाची टोचणी लागली, त मले गाठोड्यासारखं संगं नेत होता. माह्या मनाचं एक घड्याळ मांगितलं, त तेबी नाई!

माह्यी कानशिलं तापली.

तितक्यात पुंडलिकराव म्हणाले, "गोवळकोंड्याची गंमत सांगू? खाली दरवाज्यात टाळी वाजवली, त वर डोंगरावर आयकू येते."

"अशी?" म्हणून चंद्रभाननं टाळी वाजवली. एकच.

आम्ही चौघं बी बाहेरच्या खोलीत होतो.

अन आतून... देवघरातून...

टाळी आली.

पुंडलिकरावाच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"पाल पडली असंन," सासू म्हणाली.

पाल पडली का टाळी वाजते? मी लहानपणापासून पाली पाहून राह्यली. पण मी भ्याली नाई. मी रागात होती, अन रागात माणसाले भेव कमी वाटते.

सासू म्हणे, "लीले, प्रवासाचं नवं लुगडं तिच्यापुढं ठेव. जाऊन येतो म्हण."

आता इथं नीट आयका. आमच्याकडं घरून निघणाऱ्याले कोणी 'जा' म्हणत नाई. 'येजो' म्हणतात. म्हणजे पुन्हा ये. पाहुण्याले येजो, पोस्टमनले येजो, भांडून निघालेल्या माणसालेबी येजो. जिभेले वळणच पडलेलं.

मी आत गेली. जांभळं लुगडं, हिरवे काठ. टाकापुढं आपटलंच मी ते. अन दातओठ खाऊन म्हटलं, "तुह्याच हौसेचा बेत हाय ना हा? मंग तूच येजो वं बाई. माह्या जागेवर बस. येजो!"

समई जळत होती. वारं म्हणाल त पान हलत नव्हतं.

अन लुगड्याची घडी...

आपोआप मोडली.

मी तिकडं पाठ केली अन चुलीपाशी गेली. बाहेर कोणाले सांगितलं नाई. सांगून का उपयोग? पालच पडली म्हणाले असते.

शुक्रवार आला. मी पुऱ्या तळल्या, मिरचीचा ठेचा बांधला, पेटी भरली. सासू मारुतीले नारळ फोडाले गेलती. दारात सायकलरिक्षा येऊन उभी राह्यली, चंद्रभाननं पेटी अन पुऱ्यायचं गाठोडं तिच्यात नेऊन ठेवलं.

आता फक्त लुगडं नेसाचं बाकी होतं. मी देवघरात गेली.

लुगडं नव्हतं.

कोनाडे धुंडाळले. दोरीवर पाह्यलं, वळकटीत पाह्यलं. नाई.

बाहेरून चंद्रभान ओरडला, "लीले, चाल ना वं! गाडी सुटंल!"

"आली, आली!" मी आतून ओरडली.

मंग बाहेर त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"हं... बस. नीट बस. पदर सांभाळ, चाकात जाईन."

कोणाले म्हणून राह्यला हा?

मी धावली. दार ओढलं.

बाहेरून... कडी लागली होती.

खिडकीतून पाह्यलं. रिक्षा वळली होती. टप वर केलेला, म्हणून पाठमोरं बी कोणी दिसत नव्हतं. फक्त एका बाजूनं पदराचं टोक बाहेर लोंबत होतं. जांभळं. हिरवे काठ.

"अवो! मी अठी हाय! मी घरात हाय!" घसा फाटेपर्यंत ओरडली मी. त्या माणसानं वळून नाई पाह्यलं.

दार बडवून बडवून हात सुजले. मंग सासूनं येऊन कडी काढली. मले पाह्यलं अन तिच्या हातातला प्रसाद खाली पडला.

"तू?"

"मीच. दुसरं कोण?"

"अवं, तू त आत्ता मारुतीपाशी रिक्षातून उतरून माह्या पाया पडली. मी म्हटलं, सुखाची जा अन सुखाची ये..." ती खालीच बसली. "हात लय थंडगार होते. म्हटलं, हिवाचे दिवस..."

आम्ही दोघी देवघरात गेलो.

टाक जागेवर नव्हता.

तितक्यात टेशनाकडून गाडीची शिटी आयकू आली. माह्या जन्माची पहिली गाडी. गेली.

लोकं विचारतात, तुले भेव नाई वाटलं? सासूले वाटलं. ती दोन दिवस जेवली नाई. मी मात्र शिव्या देत होती. माह्यं लुगडं, मी तळलेल्या पुऱ्या, माह्यी खिडकीची जागा! कधी तिले शिव्या दिल्या, कधी त्याले. रविवारी वाडीत बसली होती, त मनात आलं, बिचारी दर दिवाळीले मांगत होती. मंग तिच्यावरचा राग कमी झाला, अन उरलेला सारा त्याच्यावर गेला.

सोमवारी सकाळी रिक्षा आली. चंद्रभान एकटाच उतरला, हसत हसत.

"अवं, तू कधी पोचली? मी टेशनावर पेटी उतरवून पाह्यतो त तू गायब! म्हटलं, सासूच्या ओढीनं धावली असंन."

मी उंबरठ्यावर उभी होती.

तो आपल्याच तंद्रीत. "लय मजा आली नाई का? मी म्हटलं नव्हतं? अन आई, लीला तीन दिवस इतकी गुणाची राह्यली म्हणून सांगू! उलटा शब्द नाई."

"उलटा नाई," मी म्हटलं, "मंग सुलटा कोणता बोलली?"

तो थबकला.

"बोलली कुठं तू... मानच हलवत होती."

आयका! तीन दिवस बायको तोंडातून शब्द काढत नाई, अन या माणसाले ते गुणाचं वाटलं!

"जेवली?"

"तू म्हणे... म्हणजे हातानंच सांगितलं, उपास हाय."

"अन तोंड? माह्यं तोंड पाह्यलं होतं का तुम्ही एकडाव तरी?"

त्यानं हातातली पेटी खाली ठेवली.

"पदर होता," तो म्हणाला. "गाडीत तू खिडकीबाहेर पाह्यत होती. तिथं मी पुढं चालत होतो, तू मांगून..." अन एकदम त्यानं माह्यं मनगट धरलं. "बांगड्या कुठं हायत? चारमिनारपाशी भरल्या ना तू! मनगटभर! दुकानदार म्हणे, किती बारीक हात हाय बाईचा..."

माह्ये हात पाहा. वाडीत कुदळ मारणारे हात. बारीक?

धुरपताचा हात बारीक होता.

आतून सासूची किंकाळी आली.

टाक जागेवर आलता. त्याच्या भोवती लाखेच्या बांगड्या. लाल, आरशाचे तुकडे बसवलेल्या. मी एक उचलून हातात घालून पाह्यली. अंगठ्याच्या पुढं सरकली नाई.

अन ती बांगडी...

गरम होती. आत्ताच भट्टीवरून काढून भरावी, तशी.

चंद्रभान भिंतीले टेकून लेकरासारखा रडला. मी त्याले पाणी दिलं. जवळ नाई बसली.

जांभळं लुगडं कधीच सापडलं नाई. त्यानंतर तो मले दर साली म्हणे, चाल, हैद्राबादले जाऊ, तुले घड्याळ दाखवतो. मी नाई गेली. ८८ साली तो वारला. शेवटी शेवटी अंथरुणावरून हाक मारे, "लीले." मी गेली का आधी हनुवटी धरून माह्यं तोंड पाहे, नीट निरखून, मंगच पाणी मांगे. शिकला एकदाचा. पण किती उशिरा शिकला!

त्या बांगड्या अजून देवघरात हायत. आमच्या घरी आरतीले टाळ्या वाजवत नाई. वाजवल्या, त सगळ्यायचे हात थांबल्यावर आतून... एक जास्तीची येते.

हे आयकून भाची म्हणते, "मावशी, येजो म्हटल्यानं ती आली. मंग एकदा जा म्हणून टाक ना तिले. सुटशील."

कसं म्हणू, बाई? घरच्या माणसाले 'जा' म्हणाची आमच्यात रीत नाई.