माझ्या दाराची दुसरी किल्ली

आमची ओळख झाली रेडिओआजोबांच्या बंद दारापुढे. दारावर थापा मारून मारून मी रडकुंडीला आले होते, आणि तो मात्र हत्यारांची पिशवी खाली ठेवून शांतपणे कपाळावरचं पावसाचं पाणी पुसत होता. त्याला सगळे किल्लीवाला म्हणतात. समोरच्या दुकानातून मीच त्याला ओढत आणलं होतं.

आमच्या शेजारमदत मंडळाचं काम साधं आहे. गल्लीत जी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांनी सकाळी उठलं की खिडकीचा पडदा बाजूला करायचा. मी कामावर जाता जाता सगळ्या खिडक्यांवर नजर टाकते. पडदा बंद दिसला की जिना चढायचा. त्या दिवशी आजोबांचा पडदा बंद होता, आणि एरवी दिवसभर वाजणारा त्यांचा रेडिओही.

"आजोबा, मी किल्लीवाला. दार उघडू का?" त्याने अदबीने विचारलं. थांबून पुन्हा विचारलं.

"अहो, ते आत पडले असतील, आणि तुम्ही परवानगी कसली मागताय?"

"घर त्यांचं आहे," तो म्हणाला. "विचारल्याशिवाय मी कुणाचंच दार उघडत नाही."

आणि माझ्याकडे बघून हसला... माझ्या छातीत धडधडलं ते आजोबांच्या काळजीने, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खट्‌कन लॅच उघडलं. समोर आजोबा — कमरेला टॉवेल, कानात साबणाचा फेस. "एक दिवस उशिरा उठलो," ते म्हणाले, "तर थेट धाड?"

त्यानंतर मंडळाने ठरवलं की प्रत्येकाच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे ठेवायची. मग काय, रोज संध्याकाळी एक किल्ली घेऊन मी त्याच्या दुकानात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर चांगली फिरणारी किल्लीसुद्धा परत पाठवायच्या.

"पुन्हा अडकली?" तो विचारायचा.

"आजी म्हणतात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी... मीही तेच म्हणते."

तो मान खाली घालून किल्ली घासायचा, पण कान लाल व्हायचे.

अखेर शेवटच्या घराची किल्लीही झाली. आता दुकानात यायला निमित्त नव्हतं, आणि निमित्ताशिवाय यायची माझी हिंमत नव्हती. मी रेंगाळले. तोही रेंगाळला.

"सगळ्यांच्या किल्ल्या तुमच्याकडे," तो म्हणाला. "तुमच्या खोलीची कुणाकडे आहे?"

"मी काय म्हातारी आहे?"

"नाही. पण एकट्या आहात ना..."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी तडक निघून आले आणि मग दुकानावरून मान वळवून जाऊ लागले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

आणि मग एका सकाळी तापाने मला अंथरुणातून उठवेना. फोन टेबलावर होता, तिथपर्यंतही जाववेना. पडदा तसाच बंद राहिला. माझ्या खिडकीकडे कोण बघणार होतं?

दारावर टकटक झाली. "मी किल्लीवाला. दार उघडू का?"

"अरे, विचारत काय बसलास?" मागून आजोबा ओरडले. "पोरगी आज खिडकीखालून गेली नाही!"

मला तापातही हसू आलं. "उघडा," मी म्हटलं.

आत आले आजोबा. त्यांच्यामागे काठी टेकत, धापा टाकत आजी — ज्या कित्येक महिने स्वतःचा जिना उतरल्या नव्हत्या, त्या माझा जिना चढून आल्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, आजोबा डॉक्टरांना फोन लावू लागले. तो मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"तुम्हीही या," मी म्हटलं. तेव्हा कुठे तो आत आला.

ताप उतरला तशी मी दुकानात गेले आणि माझी किल्ली त्याच्यापुढे ठेवली. "हिची दुसरी करून द्या."

त्याने करून दिली. मी एक उचलली आणि दुसरी त्याच्याकडे सरकवली. "ही तुमच्याकडे राहू दे."

"मला किल्ली कशाला? मी तर कुठलंही दार..."

"माहीत आहे. तरी ठेवा. तुम्ही मला आवडता, म्हणून ठेवा."

त्याने किल्ली मुठीत घट्ट धरली. "तरी मी आधी विचारणार हं."

"मग विचारा ना."

"माझ्याशी... लग्न कराल?"

रस्त्यापलीकडच्या खिडकीतला रेडिओ एकदम बंद झाला. तिथे पडदा बाजूला होता, आणि आजोबा कानामागे हात धरून उभे होते.

त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी "हो" म्हटलं.