डावी गाठ

“ह्या फिती कोनं बांधल्या, वैनी? मी तुले इचारून राह्यली… कोनं बांधल्या?”

ओसरीच्या खांबाला धरून उभ्या राहिलेल्या कुंताचे पाय चिखलाने भरलेले होते आणि मुठीत कॅसेटची तपकिरी फीत चुरगळली होती. सतरा वर्षांची पोर ती, पण त्या सकाळी तिच्या नजरेला नजर द्यायची रंभाची छाती झाली नाही! समोरच्या बांधीत धान दुधावर आलं होतं, पोपटांचे थवेच्या थवे उतरत होते, आणि त्यांना भिववायला बांबूपासून बांबूपर्यंत ताणलेली ती फीत उन्हात चकाकत वाऱ्यावर गुणगुणत होती. चौऱ्याऐंशीच्या त्या हंगामात गावातल्या कितीकांनी बिघडलेल्या कॅसेटी फोडून अशाच फिती ताणल्या होत्या. पण ही कॅसेट बिघडलेली नव्हती. ती कुंताची चार महिन्यांची तपश्चर्या होती!

मृगाच्या आधी मुंबईच्या एक बाई गावच्या तलावावर पाखरांचा माहितीपट करायला आल्या होत्या. कोणत्या वेळी कोणत्या काठाला कोणतं पाखरू बोलतं, हे ढिवराच्या, तलावावर मासे धरणाऱ्या घरातल्या, ह्या पोरीला डोळे मिटून सांगता येतं हे पाहून त्या थक्क झाल्या. जाताना आपला जुना टेपरेकॉर्डर तिच्या हाती देऊन म्हणाल्या, “तुझ्या गावाचा आवाज यात भरून दिवाळीनंतर मुंबईला ये. जमलेलं दिसलं तर तुला हाताखाली घेईन.” तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचेना. डोंग्याच्या कडेवर काठी बडवत मासे जाळ्याकडे हाकायचा ठेका तिने भरला, आणि रोवणीच्या चिखलात उभ्या म्हाताऱ्या बायनाबाईची, दुसऱ्या कुणालाच पुरती येत नसलेली गाणी भरली. “वैनी, मी सिनेमा काढीन, अन् त्याच्यातलं गानंबी माह्यंच राहीन, पाह्यशील तू!” असं ती म्हणायची, आणि रंभाला ते अगदी खरं वाटायचं. लग्न होऊन रंभा ह्या घरात आली, त्याच वर्षी सासू गेली. पाच वर्षांची कुंता तेव्हापासून तिच्याच कुशीत वाढली होती. पोटची नव्हती एवढंच… बाकी सगळं होतं.

रंभाच्या नवऱ्याच्या, मनसारामच्या मनात मात्र भय बसलं होतं. बहीण मुंबईला गेली की गेलीच! त्याने तिच्यासाठी एक स्थळही पाहून ठेवलं होतं. त्या पहाटे अंगण झाडताना रंभाने त्याला बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, शेवटच्या बांबूला फीत बांधताना पाहिलं. कोणती फीत ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

“ज्यानं हे केलं ना, त्याचं तोंड मी जलमभर पाहनार नाई!” कुंता म्हणाली. आणि नेमका त्याच क्षणी मनसाराम खांद्यावर जाळं घेऊन अंगणात शिरला, बहिणीला पाहून थबकला, आणि त्याचा चेहरा मातीसारखा झाला.

रंभाने नवऱ्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे. हिला आई नाही, बाप नाही… माहेर म्हणून आहे तो हा एकटा भाऊ! तो तुटला तर ह्या पोरीने उद्या कुणाच्या दाराशी यावं? वहिनीचं काय, वहिनी कितीही झालं तरी दुसऱ्याच्या घरून आलेली…

“मीनं बांधल्या,” रंभा म्हणाली. “पाखरं धान खाऊन राह्यले होते. मले वाटलं, बिघडलेली हाय.”

“तू? …वैनी, तू?”

त्या दोन शब्दांत रडू नव्हतं, राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच रंभाच्या काळजात आरपार गेलं. त्यानंतर कुंता तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. तुटलेली, तापलेली फीत वायाच गेली असं धरून त्या बांधीकडेही ती पुन्हा फिरकली नाही.

दुपारी तलावाच्या काठावर मनसाराम तिच्यासमोर ढसाढसा रडला. रंभाने त्याला पोटभर रडू दिलं आणि मग, बारा वर्षांच्या संसारात कधी बोलली नव्हती अशा आवाजात म्हणाली, “मीनं अंगावर घेतलं ना? मंग आता तुमी माह्यं येक आयका. तिले जाऊ द्या. तुमच्याच हातानं गाडीत बसवून द्या.” मनसारामने होकाराची मान हलवली, आणि फीत कुणी बांधली हे कधीही उघड करणार नाही अशी शपथही तिने त्याच्याकडून घेतली.

दिवाळीनंतर त्याने बहिणीला बैलगाडीने गोंडपिपरीच्या स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवलं. रंभाने पहाटे उठून तांदळाच्या भाकरी आणि चिंचेची चटणी बांधून दिली होती. गाडीबैल नजरेआड झाले, आणि वळून पाहते तो काय… शिदोरीचं गाठोडं पायरीवर तसंच ठेवलेलं!

मुंबईत कुंता रिकाम्या हातांनी त्या बाईंसमोर उभी राहिली. कॅसेट नाही म्हटल्यावर दुसरी एखादी मान खाली घालून परत फिरली असती. हिने टेबलावर डोंग्याचा ठेका धरला, तलावावरची पाखरं तोंडाने काढून दाखवली, बायनाबाईची आठवतील तेवढी कडवी म्हटली. बाईंनी ठेवून घेतलं! मग तारा गुंडाळायच्या, यंत्रं वाहायची, शिव्या खायच्या आणि हळूहळू शिकत जायचं… हे सगळं ती भावाला पत्रातून कळवायची. शाळेचे गुरुजी पत्र वाचून दाखवत तेव्हा रंभा दाराआड उभी राहून ऐके. पत्राच्या शेवटी ‘दादाला नमस्कार’ असे. तिथे पत्र संपे. रंभा तरीही क्षणभर थांबे, मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल म्हणून.

आणि ती फीत? कुंता गेली त्याच आठवड्यात रंभाने एकेका बांबूच्या शेंड्यावरून तिचे फास अलगद वर सरकवून काढले, न सोडता, जसेच्या तसे. तुटलेली टोकं तिने जाळं सांधतात तशी गाठी मारून सांधली आणि सगळी फीत जाळं विणायच्या बांबूच्या सुईवर गुंडाळून पेटीत, लग्नातल्या लुगड्याखाली ठेवली. अशा गाठी मारलेली फीत कुठल्याच यंत्रात चालत नाही, हे तिला कोण सांगणार? त्या हिवाळ्यात बायनाबाई वारली, तेव्हा रंभाने पेटी उघडून त्या सुईवरून हात फिरवला. म्हातारीचा आवाज आपल्या घरात सुखरूप आहे असं तिला वाटलं.

पाच वर्षं गेली. नव्वदच्या माघात कुंता परत आली ती जीपमधून, तिघा माणसांसह, स्वतःचा पहिला माहितीपट करायला! गावाने तिला डोक्यावर घेतलं. ती उतरली होती सरकारी विश्रामगृहात. भावाच्या आग्रहाने एका दुपारी जेवायला आली, पण ताटावरून नजर वर उचलली नाही.

“दादा,” हात धुताना ती म्हणाली, “माह्या सिनेमात पैलं बायनाबाईचं गानं पायजे होतं. साऱ्या गावात फिरली मी. कोनालेच पुरं येत नाई आता. ते गेलं… गेलंच.”

रंभा आत गेली. पेटी उघडली आणि ती सुई दोन्ही हातांनी आणून नणंदेसमोर ठेवली.

“मले नाई ठाऊक यात किती राह्यलं,” ती कशीबशी म्हणाली. “पन म्हातारी यातच हाय.”

कुंताने सुई हातात घेतली. ती फीत उलगडू लागली. एक गाठ आली. साधी, उजवी, घट्ट आणि लहान… अशा गाठी मारायला तिला वहिनीनेच शिकवलं होतं. मग एक मोठा फास आला, बांबूवर बसवलेला. त्याच्या गाठीशी कुंताचं बोट थांबलं. पुढचा फास… तोही तसाच! तिसरा… चौथा…

ढिवराच्या लेकीला गाठ वाचायला अक्षरओळख लागत नाही. अख्ख्या गावात जाळं विणणारा डावखुरा एकच होता, आणि त्याची गाठ उलट्या अंगाने पडे. त्या सकाळी रागाच्या भरात तिने गाठीकडे पाहिलंच नव्हतं.

“दादा,” ती अगदी हळू म्हणाली, “ही गाठ डावी हाय.”

मनसारामच्या हातातला तांब्या खाली पडला. “मीनं बांधली वो कुंते! मीनंच! तू जाशीन म्हनून भेलो होतो… हिनं आपल्या अंगावर घेतलं, मले शपथ घातली. पाच वर्सं झाले, मी रोज मरून राह्यलो!”

“वैनी…” कुंता रंभाकडे वळली. “काऊन? काऊन केलं तू असं?”

“तुले भाऊ येकच होता, माय,” रंभा म्हणाली. “तो गेला असता त तुले हे दार राह्यलं नसतं. वैनीशिवाय पोरगी राह्यते.”

“नाई राह्यली मी!” कुंताने तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि पाच वर्षांचा बांध फुटला. “तुह्यी शिदोरी मी पायरीवर ठेवली वो… गाडीत सारा रस्ता भूक लागली होती मले!”

किती वेळ दोघी तशाच रडत होत्या कोण जाणे! मनसाराम भिंतीशी उभा होता. शेवटी कुंतानेच हात लांब करून त्याला जवळ ओढलं.

दोन दिवस ती ओसरीतच बसून होती. विश्रामगृहातून तिने आपलं सामान केव्हाच आणवलं होतं. ब्लेडने एकेक गाठ कापायची, टोकाला टोक लावून चिकटपट्टी डकवायची, फीत रिकाम्या कॅसेटीत भरायची… कापलेल्या गाठी मनसाराम गुमान वेचून ओंजळीत धरत होता. पुष्कळशी फीत उन्हाने वाया गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंताने कानांवर ऐकायचं यंत्र चढवलं आणि कळ दाबली. आधी नुसती खरखर. मग डोंग्याचा ठेका. आणि मग, चिखलाच्या पचपच आवाजातून, बायनाबाई गाऊ लागली! एक कडवं, दुसरं, तिसरं… रोवणीतलं ते अख्खं गाणं शाबूत होतं. कुंताच्या गालांवरून आसवं ओघळत होती आणि बोटं मांडीवर ताल धरत होती.

गाणं संपतासंपता त्यात एक दुसराच आवाज घुसला. धुऱ्यावरून मारलेली लांब हाक होती ती. ह्या हाकेने रेकॉर्डिंग नासलं म्हणून त्या दिवशी कुंता वहिनीशी केवढी भांडली होती!

“कुंतेऽऽ… जेवाले ये वो माय, भात निवून राह्यला!”

सैपाकघरात चुलीपाशी बसलेल्या रंभाला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला ऐकू आलं ते एवढंच, की कानांवर यंत्र चढवून डोळे मिटून बसलेली तिची कुंता ओसरीतून एकाएकी मोठ्याने ओरडली, “आली वो, वैनी!”