रोहा गाडीतला टॉवर

पेण स्टँडवर रोहा गाडीत शेजारी बसलेला मुलगा बंद मूठ तोंडाशी धरून पुटपुटत होता. मला हसू आवरेना.

“कोणाशी बोलताय?”

“विमानतळाच्या टॉवरशी...” तो लाजला. “सराव करतोय. पायलटची रेडिओची परीक्षा हाय. एकदा नापास झालोय.”

हा रोह्याचा जितेश, पेणला मामाच्या दुकानात बसायचा. मी गडबची मनस्वी, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. परतीची गाडी एकच, मग रोज मीच त्याचा टॉवर झाले. वहीतला हुकूम मी वाचायचा. त्याने तो ‘रोहा-सात’ या विमानाच्या नावासकट परत म्हणायचा. नुसतं ‘हो’ चालत नाही. आकाशात मान डोलावलेली कोणाला दिसते?

म्हणायचा मात्र झकास! फक्त मी वहीतून डोळे वर केले की उंचीचे आकडे हमखास चुकायचे...

“तू असं बघू नको ना गो!”

“बरं. पण मग नापास कसा झालास?”

“परीक्षकानं विमानाला न झेपणारी उंची सांगितली. तिथं ‘अनेबल’ म्हणायचं असतं — जमणार नाय, आणि कारण. माझ्या तोंडून नकार निघतच नाय. व्हय म्हणून मोकळा झालो.”

आठवड्याभराने त्याने वही नुसतीच माझ्या हातात दिली. वडखळ गेल्यावर म्हणाला, “बाबांनी नागोठण्याची मुलगी ठरवली. रविवारी सुपारी फोडायची हाय.”

“आणि तू?”

“...व्हय म्हटलं.”

रडू येत होतं, त्याहून जास्त राग. मला हा वेडा आवडत होता आणि तो रविवारी दुसऱ्या कुणाचा होणार होता. मी वही उघडली.

“रोहा-सात, टॉवर बोलतोय. रविवारी नागोठण्यात उतरा. सुपारी फोडा.”

तो बघतच राहिला. कंडक्टरने गडबची घंटी मारली. मी उठले.

“टॉवर!” अख्खी गाडी वळून बघायला लागली. “रोहा-सात. अनेबल.”

“कारण?” मी वळून विचारलं.

“मनस्वी.”

मी परत त्याच्या शेजारी बसले. त्याने तिथेच घरी फोन लावला.

“बाबा, रविवारचं जमणार नाय.”

पलीकडून त्याचे बाबा एवढे ओरडले की मलाही ऐकू आलं. गडब कधीच मागे पडलं होतं. जितेशने माझा रंगाने माखलेला हात घट्ट धरला.

“फोन ठेवू नका, बाबा... कारण सांगतो.”